पहिल्यांदा क्रूझला चाललात? मग चढायच्या आधी एवढं बघून घ्या

क्रूझ बुक झाली की लोकांचा पहिला प्रश्न, कपडे कुठले घेऊ? कपड्यांचं नंतर बघू हो. बोटीवर एकदा पाय ठेवलात की जेवायला घालायला, खोली आवरायला, रस्ता दाखवायला माणसं असतात, तिथे तुमचं फारसं काही चुकत नाही. चुकतं ते चढायच्या आधी, मधल्या पोर्टवर उतरल्यावर आणि शेवटच्या रात्री. यातल्या शेवटच्या रात्रीचा माझा स्वतःचा किस्सा आहे, तो खाली सांगते.

सगळ्यात आधी वेळ. तिकिटावर बोट ५ वाजता सुटणार लिहिलंय म्हणजे ५ वाजेपर्यंत चढता येतं असं नाही. गेट साधारण तास-दीड तास आधीच बंद होतं, कारण प्रवाशांची पक्की यादी आधी द्यावी लागते. म्हणून बोट सुटायच्या दिवशीच सकाळचं विमान पकडून पोचायचा प्लॅन करू नका, विमान लेट झालं तर बोट काही तुमच्यासाठी थांबणार नाही आणि मग पुढच्या पोर्टला आपल्या खर्चाने जाऊन गाठावी लागते, ते पण तिथे चढू दिलं तर. एक दिवस आधी पोचा, रात्री नीट झोपा. हॉटेलचा एका रात्रीचा खर्च जास्त वाटतो पण तो इन्शुरन्स समजा. आणि खरा इन्शुरन्स पण घ्याच, त्यात मेडिकल इव्हॅक्युएशन आहे ना ते बघून. बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, पण त्याचं बिल वेगळं लागतं आणि मोठं काही झालं तर हेलिकॉप्टरने किंवा पुढच्या पोर्टला उतरवून हलवावं लागतं, तो खर्च ऐकूनच माणूस आजारी पडेल.

पासपोर्ट प्रवास संपल्यानंतर निदान सहा महिने चालणारा असू दे. व्हिसाची गंमत अशी की "आम्ही त्या पोर्टला उतरणारच नाही" म्हटलं तरी काही देशांचा व्हिसा लागतोच, आणि बोट एका देशातून निघून दुसरीकडे जाऊन परत पहिल्याच देशात येत असेल तर सिंगल एंट्री व्हिसा कामाचा नाही, मल्टिपल एंट्री पाहिजे. हे चेक-इनच्या काउंटरवर कळलं तर तिथूनच परत पाठवतात. बुकिंग करतानाच पोर्टची यादी समोर घेऊन एकेक देश तपासा. घरात कोणी गरोदर असेल तर तेही आधी विचारून घ्या, बऱ्याच कंपन्या प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होत असतील तर घेत नाहीत.

केबिन निवडताना सगळे बाल्कनी की बिनखिडकीची यावर डोकं लावतात, पण केबिन बोटीत कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. सीसॉवर कडेला बसलेला वरखाली होतो आणि मधला जागचा हलत नाही, तसंच आहे. बोटीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर (मजल्यावर) हलणं सगळ्यात कमी, अगदी पुढे, अगदी मागे किंवा एकदम वर जास्त. दुसरं म्हणजे डेक प्लॅन उघडून तुमच्या डोक्यावर काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूलचा डेक किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. वर खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर बरं. बिनखिडकीची केबिन स्वस्त पडते आणि वाईट मुळीच नसते, फक्त आत इतका मिट्ट काळोख असतो की सकाळ झालेली कळत नाही, छोटा नाइट लाइट सोबत ठेवा.

बोट लागायची भीती सगळ्यांनाच असते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात त्यामुळे डोलणं बरंच कमी होतं, बऱ्याच जणांना काहीच होत नाही. पण गाडी लागते त्या माणसाला बोटही लागू शकते. आतला कान म्हणतो आपण हलतोय आणि डोळ्यांना दिसतात केबिनच्या स्थिर भिंती, या गोंधळातून मळमळ सुरू होते. त्यामुळे त्रास व्हायला लागला की केबिनमध्ये जाऊन मोबाइल बघत पडू नका, उलट उघड्या डेकवर या आणि लांब क्षितिजाकडे बघा. पोट रिकामं ठेवू नका, थोडं थोडं साधं खा, आलं चघळल्याने काही जणांना बरं वाटतं. गोळी घ्यायची असेल तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर घेऊन फारसा फरक पडत नाही. मेक्लिझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि आधीची औषधं चालू असतील तर कुठली चालेल ते निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

आता बॅग. पोर्टवर मोठी बॅग टॅग लावून त्यांच्याकडे द्यायची असते आणि ती केबिनच्या दाराशी येते संध्याकाळपर्यंत, कधी रात्री. म्हणजे पहिले सहा-सात तास तुमच्याकडे फक्त हातातली छोटी बॅग. त्यात पासपोर्ट, सगळी औषधं, चार्जर, चष्मा, एक जोडी कपडे आणि पोहायचे कपडे टाका, कारण पहिल्या दुपारी पूल जवळजवळ रिकामा असतो, बाकी सगळे बुफेच्या लायनीत. इस्त्री, किटली, मेणबत्ती अजिबात नेऊ नका, समुद्रात आगीची भीती सगळ्यात मोठी म्हणून ते काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेंशन पण चालत नाही आणि बऱ्याच कंपन्यांनी साधी एक्स्टेंशन पण बंद केलीय, त्याऐवजी यूएसबीची जास्त तोंडं असलेला चार्जर न्या. एक छान जुगाड सांगते, केबिनच्या भिंती बहुतेक वेळा पत्र्याच्या असतात, चुंबकवाले हुक नेलेत तर टोप्या, ओले कपडे, पिशव्या सगळं भिंतीवर. खोली लहान असते हो, फार उपयोग होतो.

चढल्यावर सेफ्टी ड्रिल (संकटात काय करायचं त्याची तालीम) असतं, त्याला दांडी मारता येत नाही. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया नावाची क्रूझ बोट खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली, बोटीवरच्या काही प्रवाशांचं ड्रिल तेव्हा झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि आता बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ते करावंच लागतं. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं, एवढं डोक्यात ठेवा, आणि केबिनपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून बघा, लिफ्टने नाही.

पैशांचं म्हणाल तर बोटीवर रोख चालत नाही, केबिनचं कार्डच सगळीकडे दाखवायचं आणि खर्च खात्यावर चढत जातो. त्यामुळे तो जाणवतच नाही! तिकिटात राहणं, मुख्य डायनिंग रूम आणि बुफे धरलेलं असतं. ड्रिंक्स, वायफाय, स्पेशल रेस्टॉरंट, स्पा, टूर आणि बऱ्याच ठिकाणी रोजची टिपसुद्धा वेगळी. रोज रात्री टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर हिशोब बघायची सवय लावा. खात्याला शक्यतो क्रेडिट कार्डच जोडा, डेबिट जोडलं तर तुमचेच पैसे बरेच दिवस अडकून पडतात.

आणि फोन! बोट सुटली की फ्लाइट मोड. किनाऱ्याचं नेटवर्क गेलं की फोन गुपचूप जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि ते साध्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा येत नाही, बिल बघून डोळे पांढरे होतात. वायफाय फ्लाइट मोडमध्येही चालतं.

पोर्टच्या दिवशी घोळ होतो तो घड्याळाचा. बोटीची वेळ आणि गावातली वेळ वेगळी असू शकते, आणि फोन किनाऱ्यावर आपोआप गावातली वेळ दाखवायला लागतो. म्हणून एक साधं हातातलं घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून ठेवा आणि उतरताना दारावर लिहिलेली परत यायची वेळ असते तिचा फोटो काढा. बोटीची स्वतःची टूर घेतली आणि बस अडकली तर बोट थांबते, स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात तर नाही थांबत. म्हणून फिरा बिनधास्त, पण दीड-दोन तास हातात ठेवून परत फिरा. काही ठिकाणी बोट धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकते आणि छोट्या बोटीने नेतात, तिथे जाताना येताना रांगेचा वेळ वेगळा धरा.

जेवायच्या आधी हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर नको, पोट बिघडवणारा नोरोव्हायरस त्याला फारसा जुमानत नाही.

तर शेवटची रात्र. त्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या उचलून नेतात आणि दुसऱ्या दिवशी टर्मिनलमध्ये मिळतात. मी पहिल्या क्रूझला फार उत्साहाने सगळं घडी करून भरलं, बॅग बाहेर ठेवली, झोपले, आणि सकाळी उठून बघते तर अंगावरचा नाइट ड्रेस आणि बाथरूमच्या स्लिपर, बाकी काहीच नाही. नवऱ्याच्या जॅकेटमध्ये तशीच ब्रेकफास्टला गेले आणि तशीच इमिग्रेशनला पण. तेव्हा सकाळचे कपडे, चपला आणि औषधं आधी बाजूला काढा, मग बॅगेची चेन लावा. सामान कमी असेल तर बॅग स्वतःच ओढत उतरायची परवानगी बऱ्याच ठिकाणी मिळते, लवकरही बाहेर पडता येतं.

घरी आल्यावर एक-दोन दिवस अंघोळीला उभं राहिलं की जमीन डोलल्यासारखी वाटेल. ते होतं, शरीराला बोटीची सवय लागलेली असते, आपोआप जातं. आठवडे झाले तरी गेलं नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.