हौशी पॅराशूटला स्वस्तातली दोरी कशी निवडायची

आधीच सांगतो, हे सगळं वॉटर रॉकेट (पाणी आणि हवेच्या दाबावर उडणारं बाटलीचं रॉकेट) किंवा गच्चीवरून सोडायच्या पॅराशूटसाठी आहे, माणसाचं वजन पेलायला यातलं काहीही वापरायचं नाही.

बरेच जण थेट पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची म्हणून विकली जाणारी नायलॉनची दोरी, मागवतात. नावातच पॅराशूट आहे म्हटल्यावर साहजिक आहे, पण नेहमीची ५५० पाउंडवाली म्हणजे जवळपास २५० किलो ओढ सोसणारी आणि ४ मिमी जाड, अर्ध्या किलोच्या रॉकेटला ती कशाला? घडी नीट बसत नाही, वजन वाढतं, पैसे जातात ते वेगळेच.

मग किती ताकद हवी ते आधी काढा. समजा रॉकेट अर्धा किलोचं आहे आणि जुन्या छत्रीचं कापड घेतलंय, साधारण ९० सेमी व्यासाचं, ८ काड्यांचं, म्हणजे ८ दोऱ्या. पॅराशूट उघडताना बसणारा झटका वजनाच्या २० पट धरा, म्हणजे १० किलो. तो सगळ्या दोऱ्यांवर सारखा येत नाही म्हणून ४ दोऱ्यांवरच आला असं धरायचं, प्रत्येकी अडीच किलो, आणि गाठीपाशी दोरीची ताकद निम्म्यापर्यंत घसरते म्हणून ५ किलो. मी त्याच्याही दुप्पट, १० किलोची घेतो. एवढं बास झालं.

आता प्रकार. माझी पहिली पसंती गवंडीकामाच्या नायलॉनच्या बारीक दोरीला, १ मिमीच्या आसपासची, पण विणलेली हवी, पिळाची नको. हा मुद्दा ताकदीपेक्षा मोठा आहे, कारण पिळाची दोरी सैल पडली की स्वतःभोवती फिरते आणि गुंता होतो, माझं एक रॉकेट असंच पॅराशूट न उघडता दगडासारखं खाली आलं, दोरी मात्र एकही तुटली नव्हती! नायलॉन थोडं ताणतं, त्यामुळे झटका मऊ होतो. पडद्याच्या ब्लाइंडची पॉलिस्टर दोरी पण चालते, ताणते कमी. मासेमारीची विणलेली लाइन मजबूत असते पण गुळगुळीत, गाठ सरकते आणि कापडही कापू शकते. सुतळी नको, ताठ असते. बंदुकीच्या दारूचं इंजिन असलेल्या रॉकेटमध्ये गरम गॅसजवळच्या तुकड्याला केवलार, म्हणजे उष्णतेने न वितळणारा धागा, लागतं, नायलॉन तिथे वितळतं, पण वॉटर रॉकेटला तो प्रश्नच नाही.

आणि मांजा अजिबात नाही, घरात पडलेला असला तरी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, आपल्याकडे पुलांवर दुचाकीवाल्यांचे गळे कापलेत त्याने, पक्षी अडकतात ते वेगळंच.

खरेदीला पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला जा, शक्यतो सकाळी, दुपारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. मोठं रीळ घेण्याआधी २ मीटरचा तुकडा मागून बघा. घरी आल्यावर त्याचं टोक जाळा, नायलॉन किंवा पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो, सुती असेल तर कागदासारखी राख. मग तुकड्याला दोन्हीकडे गाठी मारून बादली टांगा आणि मगाने पाणी ओतत जा, १ लिटर म्हणजे १ किलो, १० लिटरला टिकली की रीळ आणा. बादली जमिनीपासून चार बोटं वरच ठेवा आणि पाय लांब.

लांबी कापडाच्या व्यासाच्या १ ते दीडपट, आपल्या छत्रीला १ मीटर १० सेमी ठीक, गाठींसकट १० मीटर दोरी लागते. कापायच्या आधी सगळी दोरी रात्रभर थोडं वजन लावून ताणून ठेवा, नाहीतर नंतर एखादी जास्त ताणते आणि पॅराशूट तिरकं उतरतं. फळीवर दोन खिळे ठोकून त्या मापाने सगळ्या कापा, टोकं मेणबत्तीवर धरून बंद करा. गाठीवर इन्स्टंट ग्लू नको, दोरी तिथे कडक होऊन तुटते. आणि खेळून झालं की उन्हात टाकून ठेवू नका, नायलॉन उन्हाने कमजोर होतं, मी तर दर पावसाळ्यानंतर दोऱ्या बदलूनच टाकतो.