निसरड्या झालेल्या गोल्फ ग्रिप

पावसाळाभर पिशवीत पडून राहिलेल्या माझ्या गोल्फ क्लबच्या (चेंडू मारायच्या काठ्यांच्या) मुठीवरील रबरी ग्रिप इतक्या निसरड्या झाल्या होत्या, की सात नंबरचा आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) फटका मारताना हातातच वळू लागला. ग्रिप झिजल्या असाव्यात असे वाटले. प्रत्यक्षात घामाचा आणि सनस्क्रीनचा तेलकट थर खाचांत बसला होता. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे चार थेंब टाकून जुन्या मऊ टूथब्रशने खाचा घासल्या, तेव्हा चहासारखा तपकिरी फेस निघाला. ग्रिपच्या टोकावरील बारीक छिद्रातून पाणी दांड्यात शिरू शकते, म्हणून क्लब बुडवण्याऐवजी ते छिद्र अंगठ्याने दाबून ओल्या फडक्याने साबण पुसला आणि क्लब रात्रभर पंख्याखाली, उन्हापासून दूर वाळवले. पटरच्या, म्हणजे चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याच्या क्लबच्या, ग्रिपला मात्र भेग आढळली. ती बदलावीच लागेल.