पहिलं पुस्तक लिहायला बसण्याआधी

वही, पेन, लॅपटॉप, बसायला शांत कोपरा हे तुमच्याकडे असेलच. विषय मात्र एका वाक्यात सांगता येतो का बघा. 'पुण्याचा इतिहास' हा विषय नव्हे. '१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नारायण पेठेत नदीकाठच्या वाड्यांतली माणसं काय करत होती' हा विषय. माझं पहिलं पुस्तक यावरच होतं, म्हणून उदाहरणंही तिथलीच देतेय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोणाशी बोलून आलात किंवा कशातून काही उतरवून घेतलंत, की त्याच दिवशी, त्याच टिपणाखाली ते कुठून आलं हे लिहा. माणूस असेल तर पूर्ण नाव, पुराच्या वेळचं वय, तेव्हाचं राहतं घर, भेटीची तारीख आणि छापायला हो म्हणाले का. पुस्तक असेल तर लेखक, प्रकाशक, साल, पान आणि आवृत्ती. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, आणि मग तुमचा पान क्रमांक कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

मी हे केलं नव्हतं. फोनमध्ये बावीस मुलाखती होत्या आणि फोनने दिलेली नावं तशीच ठेवली होती: रेकॉर्डिंग १, रेकॉर्डिंग २. आवाज ओळखू येतील असं वाटलं होतं. दोन वर्षांनी ऐकायला बसले तर चार आजींचे आवाज सारखेच वाटू लागले. पाणी चढत असताना आधी देव्हारा आणि मग शिलाई मशीन माळ्यावर नेल्याची हकिकत नेमकी कोणाची, ते कळेना. ज्यांची असावी असं वाटत होतं त्या आजी तोवर गेल्या होत्या, आणि त्यांच्या मुलाला असं काही आठवत नव्हतं. ते प्रकरण मला काढावं लागलं. पुस्तकातलं सर्वात जिवंत प्रकरण होतं ते. १९६१ साली दहा वर्षांची असलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. 'नंतर विचारू' म्हणू नका. नाव, तारीख, लगेच.

मुलाखतीत 'किती वाजता' विचारून फारसं हाती लागत नाही. 'पाणी कितव्या पायरीला होतं', 'चुलीवर काय होतं' असं विचारा, आठवण आपोआप उघडते. आणि लक्षात ठेवा, त्या दिवशी पानशेतपाठोपाठ खडकवासल्याचं धरणही फुटलं, पण बोलताना लोक सगळ्याला पानशेतच म्हणतात.

वाचनालयांत जायचंच आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, ओळखपत्र न्या. फोटो काढू दिले तर पहिला फोटो शीर्षकपानाचा, दुसरा त्यामागच्या आवृत्ती-सालाच्या पानाचा, मग हवं ते पान, पान क्रमांकासकट. नुसत्या मजकुराचा फोटो घरी आल्यावर अनाथ असतो. माझ्याकडे असे शेकडो आहेत आणि त्यातला एकही वापरता आला नाही.

परवानग्या लेखन सुरू असतानाच मागायला घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे अख्खी कविता घ्यायची तर वारसांना विचारावं लागतं. पत्रांचंही तसंच: पत्र तुमच्या कपाटात असलं तरी मजकुरावरचा हक्क ते लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा.

रोजची वेळ ठरवा. मजकुराची एक प्रत घराबाहेर ठेवा. पहिला खर्डा दुसऱ्याला दाखवा, शक्यतो नातेवाईक नसलेल्याला.

टाइप युनिकोडमध्ये करा, म्हणजे फोनवर मराठी उमटतं त्याच पद्धतीत. मांडणीसाठी फॉन्ट बदलला की 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द फुटू शकतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर वाचा. पानं सोळाच्या पटीत बसवा, छपाईचा फॉर्म (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) तसा निघतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्याचे पैसे कोणी मागितले तर कशाचे ते विचारा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, किंमत हे प्रकाशकाशी बसून ठरवा.

आणि आज कोणाला भेटून आला असाल तर फोन काढा, त्या रेकॉर्डिंगला नाव आणि तारीख द्या, मगच जेवायला बसा.