पालवी फुटली म्हणजे काडी लागली असं नाही: फांदीपासून रोप करताना या चुका टाळा

"पानं आली की ओ, लागली काडी!" मंगळवार पेठेतल्या आमच्या ओळखीच्या एक काकू जास्वंदीची कुंडी हातात धरूनच आल्या होत्या. लावून पंधरा दिवस झालेले, काडीवर चार पोपटी पानं. पुढच्या आठवड्यात पानं लोंबली. काडी उपटली तर खाली मुळीचा धागाही नाही, बुडाची साल काळी आणि बोटाने सोलली जाईल इतकी मऊ.

काडी लावणारे सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. डोळा, म्हणजे पालवीचा कोंब, काडीवर आधीपासून तयार असतो. काडीत साठवलेल्या अन्नावर तो उमलतो, मुळीसाठी थांबत नाही. मुळी मात्र जास्वंद, गुलाब, बोगनवेल यांना कोऱ्या पाटीवरून घडवावी लागते. कापाजवळच्या, अन्नवाहिन्यांलगतच्या काही पेशी आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा विभागू लागतात, त्यांतून मुळाचा कोंब तयार होतो आणि तो साल फोडून बाहेर येतो. खोडातून आलेली म्हणून ही आगंतुक मुळं. जास्वंदीला याला साधारण ३ ते ५ आठवडे लागतात, बोगनवेलीला ६ ते ८. तोवर वर आलेलं प्रत्येक पान काडीतलं पाणी उडवतंच असतं.

आपल्याकडे हे पटकन पचनी पडत नाही, कारण आपण लहानपणापासून ऊस बघितलेला असतो. उसाची टिपरी, म्हणजे लागणीचा तुकडा, हातात घेऊन पेऱ्याजवळ नीट बघा: डोळ्याच्या पातळीवर बारीक ठिपक्यांचा एक पट्टा खोडाभोवती फिरलेला दिसतो. ते ठिपके म्हणजे मुळांचे तयार कोंब. ओल मिळाली की फुटायचं, एवढंच काम उरलेलं. म्हणून टिपरी सरीत टाका, पाणी द्या, मोकळे व्हा. जास्वंदीच्या काडीवर असा पट्टा नसतो, आणि आपण मात्र तिला उसासारखंच वागवतो.

उलटी काडी ही चूकही तिथूनच येते, असं मला वाटतं. टिपरी आडवी पडते, त्यामुळे वरखाली बघायची सवयच नाही. मुळं फुटायला लावणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि खालच्या कापाशी साठतं. काडी उलटी रोवली तरी तिच्या लेखी बूड तेच राहतं. फक्त ते आता हवेत वाळत असतं. तोडतानाच बुडाला तिरका आणि शेंड्याला सरळ काप द्या, मग पन्नास काड्या एकत्र झाल्या तरी घोळ होत नाही. बुडाचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या.

काडी पेन्सिलीच्या जाडीची, १५ ते २० सेंमी लांब, फूल-कळी नसलेली हवी. कळी असेल तर खुडा, नाहीतर सगळी साखर तीच खाते. बुकेतल्या गुलाबाच्या लांब दांड्या लावू नका. फुलण्यात दमलेल्या आणि शीतगृहात राहिलेल्या त्या काड्या क्वचितच लागतात. गावठी गुलाब शेजाऱ्याकडून मागून आणा. पानांच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात: कोणी सगळी ठेवतं, कोणी सगळी ओरबाडतं. शेंड्याची दोन-तीन ठेवा, मोठी असतील तर कात्रीने अर्धी करा. पानात बनणारं अन्न मुळीला लागतंच.

आता माती. काळी चिक्कण माती, वर मूठभर डीएपी खत आणि सकाळ-संध्याकाळ पाणी, म्हणजे काडी कुजवायची पूर्ण तयारी. नवी मुळी घडताना बुडाला प्राणवायू लागतो, चिखलात तो मिळत नाही. जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घ्या. खत अजिबात नको, ते शोषायला अजून मुळंच नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघते, त्या झडीच्या दिवसांत कुंड्या पत्र्याखाली घ्या. तेव्हा हवेतच इतका दमटपणा असतो की वर प्लॅस्टिकची पिशवी लागत नाही. उन्हाळ्यात पिशवी घाला, पण कुंडी सावलीत ठेवून. उन्हातल्या पिशवीत काडी उकडून निघते.

मुळं फुटायची पावडर, म्हणजे बहुधा आयबीए हे कृत्रिम ऑक्सिन, जास्त लावली की जास्त मुळ्या येतात हा गैरसमज आहे. जादा मात्रेने बूड करपतं, वरचे डोळेही अडतात. बुडाचा एखादा सेंमी ओला करून पावडरीत टेकवा आणि झटका. कुंडीत आधी काठीने भोक पाडा. काडी तशीच खुपसली तर पावडर वरच घासून निघते. सुटं आयबीए आणून द्रावण करणार असाल तर ते पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. लिटरला १ ग्रॅम म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग). त्यात ५ सेकंद बुडवलं तरी पुरे.

बुडाला पांढरट गाठ आली की काहीजण खूश होतात. ती जखम भरल्याची खूण, मुळी नव्हे. आणि ही गाठ दिसते, कारण काडी रोज उपटून बघितली जाते! त्या ओढाओढीत पहिली नाजूक मुळी तुटते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासला तळाला भोकं पाडून त्यात काडी लावा. ग्लास काळ्या कागदात गुंडाळा, आठवड्यातून एकदा कागद काढून बघा. काकूंनी यंदा चार काड्या अशा लावल्या. तीन लागल्या, चौथी त्यांनी उपटून बघितली होती.

देवचाफ्याचं सगळं उलटं. मी स्वतः जुलैत हातभर फांदी तोडून त्याच दिवशी लावली, वर पाणीही घातलं. दहा दिवसांत बुडाचा लगदा झाला. चाफ्याचा चीक थांबून काप कोरडा व्हायला हवा, त्यासाठी फांदी आठवडाभर सावलीत नुसती पडू द्या. लावायला मार्च-एप्रिल बरा, आणि पाणी नावापुरतं.

आंब्याची काडी लावण्यात उन्हाळा घालवू नका, त्याला कलमच करतात. कढीपत्त्याच्या काडीनेही बहुतेकांचा हिरमोडच होतो. जुन्या झाडाच्या मुळांतून वीतभर अंतरावर पिल्लं फुटतात, त्यांतलं एक पावसाळ्याच्या तोंडावर मुळासकट काढून लावा.