गुराढोरांच्या रानात कुत्र्याला नेताना

सगळ्यात आधी पट्टा बघा. दोन मीटरच्या आतला आणि न ताणणारा हवा, हुक ओढून पाहिलेला हवा. बटण दाबलं की सुटत जाणारा लांब पट्टा घरीच ठेवा. "आमची काही करत नाही" असं मीही म्हणायचे. मग एकदा झुडपाआडून कोकरू उसळलं आणि निवांत चालणाऱ्या माझ्या कुत्रीच्या मांड्या थरथरायला लागल्या, कान पुढे, नजर हलेना. हाका तिच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. पट्टा हातात होता म्हणून निभावलं. चावायलाच हवं असं नाही. नुसत्या पाठलागानेही गाभण मेंढी गाभडते आणि बिथरलेला कळप कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतो.

जंताचं औषध शेवटचं कधी दिलं होतं ते तपासा, आणि पशुवैद्यांना विचारताना फीतकृमीचं नाव मुद्दाम घ्या, कारण प्रत्येक गोळी त्यावर चालत नाही. या कृमीची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, तिथून मेंढीच्या पोटात. मग तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात; एका जातीच्या गाठी थेट मेंदूत होतात आणि मेंढी एकाच जागी गरगर फिरत राहते. गायींना त्रास देणारा परजीवी वेगळा, निओस्पोरा. कुत्र्याच्या विष्ठेतून तो पसरतो हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. चाऱ्यातून पोटात गेला तर गाय गाभडते. म्हणून विष्ठा उचलायच्या पिशव्या मोजून घ्या, वर दोन जास्त. भरलेली पिशवी कुंपणाला लटकवून येऊ नका, परत आणा. रानात मेलेलं जनावर दिसलं तर कुत्र्याला त्याच्या जवळपासही फिरकू देऊ नका, घरीही कच्ची आतडी-काळीज घालू नका.

रेबीजची लस, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, प्यायला पाणी आणि वाटी, हे तर हवंच. गुरांच्या हौदात तोंड घालू देऊ नका.

निघण्याआधी गुराख्याला विचारा, व्यायलेल्या गायी कुठे आहेत? लांबचा वळसा पडला तरी चालेल, पण गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. गायीने मान खाली घालून फुरफुर केली, पुढच्या खुराने माती उकरली, तर पाठ न दाखवता शांतपणे बाजूला सरका. आणि ती धावूनच आली तर पट्टा सोडून द्या. एरवी जिवापाड धरायचा तो पट्टा इथे मात्र सोडायचाच, हे घरूनच मनाशी ठरवून निघा. तिचा राग कुत्र्यावर असतो, आणि कुत्रं तिच्याहून चपळ असतं. त्याला वाचवायला उचलून घेतलं तर ती तुमच्यावर येते.

फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, उघडं तर उघडं. घरी आलात की कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचीड चाचपून बघा.