रेडिओ-नियंत्रित विमानासाठी मोटर आणि बॅटरी निवडताना

मॉडेल विमान बांधायला घेणारी बहुतेक मंडळी आधी मोटर विकत घेतात, मग तिला चालेल अशी बॅटरी शोधतात आणि हे सगळे ओझे विमानाला पेलेल का, हा प्रश्न त्यांना अगदी शेवटी पडतो. हा क्रम उलटा आहे. विमानाच्या वजनावरून किती वॉट लागतील ते ठरते, वॉटवरून बॅटरीतील सेलांची संख्या, विमानाच्या स्वभावावरून प्रोपेलर, आणि या तिन्ही गोष्टी ठरल्यानंतरच मोटरची निवड करण्यात अर्थ असतो. दुकानातील किंवा संकेतस्थळावरील वर्णनात मोटरच्या नावापुढे मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यावर भाळून खरेदी केली, तर पहिल्याच उड्डाणात मोटर जळणे किंवा विमान जमिनीवरून न उठणे, यांपैकी एक अनुभव बहुधा येतो.

त्याआधी इंजिन की विद्युत मोटर, हा प्रश्न निकालात काढू. ग्लो इंजिन मिथेनॉल, तेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालते. ४० साइझचे म्हणजे ०.४० घन इंचाचे, सुमारे ६.५ सीसीचे इंजिन अनेक दशके शिकाऊ विमानांवर बसवले जात असे, आणि त्याचा आवाज व एरंडेल तेलाचा जळका वास यांच्या प्रेमात असलेली मंडळी आजही आहेत. परंतु मिथेनॉल विषारी असल्याने आपल्याकडे त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत, नायट्रोमिथेन सहज मिळत नाही, आणि कार्ब्युरेटरची सुई नेमकी किती उघडी ठेवायची हे हाताला कळायला शेजारी जाणकार माणूस लागतो. पेट्रोल इंजिनांचे इंधन स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे असले, तरी ती साधारण १० ते २० सीसीपासून पुढे असतात आणि मोठ्या, वजनदार विमानांनाच शोभतात. त्यामुळे दोन-अडीच किलोपर्यंतचे विमान करणाऱ्या नवशिक्याने विद्युत मोटरच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन घेतलेच, तर रिसीव्हर (हातातल्या ट्रान्समीटरचे संदेश पकडणारा भाग) आणि सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग वळवणाऱ्या छोट्या मोटरी) चालवण्यासाठी वेगळी छोटी बॅटरी लागते, हे विसरू नये. चार सेलांचा ४.८ व्होल्टचा निकेल-मेटल-हायड्राइड पॅक किंवा दोन सेलांचा ६.६ व्होल्टचा लिथियम-फेरस पॅक त्यासाठी वापरतात.

वजन आणि वॉट

विमानाचे वजन म्हणजे उड्डाणाला निघतानाचे एकूण वजन: सांगाडा, सर्व्हो, रिसीव्हर, मोटर, प्रोपेलर, बॅटरी आणि चाके धरून. विमान अजून कागदावरच असेल, तर प्रत्येक भागाचे वजन मांडून बेरीज करावी आणि गोंद, तारा व चिकटपट्टी यांच्यासाठी वर दहा टक्के धरावेत, कारण हे वजन कोणी मोजत नाही आणि ते नेहमीच वाढते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा या छंदात सोल्डरिंग गनइतकाच उपयोगी पडतो.

वजन कळले की ढोबळ नियम लावता येतो. संथ उडणाऱ्या विमानाला किंवा मोटर लावलेल्या ग्लायडरला दर किलोमागे १०० ते १५० वॉट पुरतात, शिकाऊ विमानाला १५० ते २००, साध्या कसरती करणाऱ्या विमानाला २०० ते २५०, आणि नाक वर करून हवेत तरंगत राहणाऱ्या थ्रीडी विमानाला ३५० वॉटच्या पुढेच लागतात. हे बॅटरीतून खेचले जाणारे वॉट आहेत; त्यांतील बराच वाटा मोटरच्या उष्णतेत जातो, आणि ती तूट या आकड्यांत आधीच धरलेली आहे.

या लेखात पुढे एकच उदाहरण धरू: पंखांची लांबी १.२ मीटर, वजन १ किलो, डेप्रॉन किंवा सनबोर्ड या हलक्या फोमच्या पत्र्यांपासून बनवलेले, वर पंख असलेले शिकाऊ विमान. त्याला १८० वॉट द्यायचे ठरवू.

सेल किती

लिथियम-पॉलिमर म्हणजे लायपो बॅटरीचा एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. ३एस म्हणजे एकामागे एक जोडलेले तीन सेल, म्हणजेच नाममात्र ११.१ व्होल्ट. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. त्यामुळे तेवढेच वॉट जास्त व्होल्टवर घेतले तर प्रवाह कमी लागतो, आणि तारांतली व जोडांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक किरकोळ नसतो. चारशे ग्रॅमच्या आतल्या विमानांना २एस, अर्धा ते दीड किलोला ३एस, त्यापुढे अडीच किलोपर्यंत ४एस आणि आणखी मोठ्यांना ६एस, असा सर्वसाधारण रिवाज आहे. आपल्या विमानाला ३एस योग्य ठरते. भार पडल्यावर व्होल्टेज खाली बसून सुमारे ११ व्होल्ट राहील असे धरले, तर १८० वॉटसाठी साधारण १६ ते १७ अँपिअर लागतील.

प्रोपेलर आणि केव्ही

मोटरवरचा केव्ही हा आकडा ताकदीचा नसतो, आणि त्याचा किलोव्होल्टशीही संबंध नसतो. मोकळ्या मोटरला एक व्होल्ट दिल्यास ती मिनिटाला किती फेरे फिरेल, एवढेच तो सांगतो. १००० केव्हीची मोटर ११ व्होल्टवर मोकळी ११,००० फेरे घेईल. योग्य प्रोपेलर लावल्यावर ती त्याच्या तीन-चतुर्थांश किंवा किंचित जास्त, म्हणजे सुमारे ८,५०० फेऱ्यांवर स्थिरावेल. कमी केव्हीची मोटर मोठा प्रोपेलर सावकाश फिरवते, जास्त केव्हीची मोटर छोटा प्रोपेलर जोरात फिरवते. संथ आणि वजन उचलणाऱ्या विमानाला पहिली जोडी हवी, वेगवान विमानाला दुसरी. २२०० केव्ही हे १००० केव्हीपेक्षा दुपटीने चांगले, असे समजून शिकाऊ विमानावर ती मोटर १० इंची प्रोपेलरसह बसवली, तर काही सेकंदांतच मोटरच्या वेटोळ्यांवरचे लॅकर जळल्याचा वास येतो.

प्रोपेलरवर १०×५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे घन पदार्थात स्क्रू शिरावा तसा प्रोपेलर एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते अंतर. फेऱ्यांची संख्या गुणिले पिच गुणिले ०.००१५२४ केले की ताशी किलोमीटरमध्ये पिच-वेग मिळतो. ८,५०० फेरे आणि ५ इंच पिच घेतल्यास तो ६५ च्या आसपास येतो. आपले शिकाऊ विमान ताशी २५ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होते, म्हणजे त्याखाली पंख उचल धरणे सोडतात. पिच-वेग स्टॉलच्या वेगाच्या अडीच ते तीनपट असावा, या नियमात ही जोडी बसते. व्यास मात्र जपून वाढवावा: फेरे तेवढेच ठेवले तर लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून १० ऐवजी ११ इंच केल्यावर ती जवळजवळ दीडपट होते. प्रत्यक्षात फेरे थोडे घटतात, पण अँपिअरमीटरचा आकडा पाहून धडकी भरायला तेवढे पुरेसे असते.

पात्यांच्या प्रकाराकडेही पाहावे. पातळ, रुंद पात्यांच्या स्लो-फ्लाय प्रोपेलरला फेऱ्यांची मर्यादा असते. एपीसी या अमेरिकी उत्पादकाने तिचे सूत्र ६५,००० भागिले व्यास असे दिले आहे, म्हणजे १० इंचासाठी ६,५०० फेरे. आपल्याकडे १००० केव्हीच्या स्वस्त मोटरसोबत सर्रास दिला जाणारा १०४५ (म्हणजे १०×४.५) हा प्रोपेलर दिसायला तसाच असतो. शिकाऊ विमानाच्या नाकावर ८,५०० फेऱ्यांनी फिरवण्यासाठी विद्युत मोटरकरिता बनवलेला, जाड मुळाचा प्रोपेलर घ्यावा, आणि पाते तडकलेले दिसले तर ते चिकटवत न बसता फेकून द्यावे.

आता मोटर

ब्रशलेस आउटरनर प्रकारात बाहेरचे, चुंबके लावलेले भांडे फिरते आणि तारांची वेटोळी आत स्थिर राहतात. २२१२ असा आकडा असेल, तर आतल्या स्टेटरचा, म्हणजे या स्थिर भागाचा, व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२ मिलिमीटर, असा त्याचा अर्थ होतो. काही उत्पादक मात्र बाहेरच्या भांड्याची मापे लिहितात, त्यामुळे २२१२ आणि २८३० हे दोन आकडे जवळपास एकाच आकाराच्या मोटरवर आढळतात. या गोंधळात वजन हीच खात्रीची खूण ठरते. चांगल्या मोटरकडून दर ग्रॅममागे अडीच ते तीन वॉट सतत घेता येतात. म्हणजे १८० वॉटसाठी ६० ते ७२ ग्रॅमची मोटर हवी. भारतात सगळीकडे मिळणारी २२१२, १००० केव्ही ही मोटर पन्नासेक ग्रॅमची असते. ती सात-आठशे ग्रॅमच्या विमानाला उत्तम, पण आपल्या एक किलोच्या विमानावर ती पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे कमाल वेगावर, सतत तापत राहील. तिच्याऐवजी ७० ग्रॅमच्या आसपासची २२१६ किंवा २२१७, ९०० ते १००० केव्ही अशी मोटर घ्यावी. वीस ग्रॅम वाचवण्याची हौस येथे महागात पडते.

गती-नियंत्रक म्हणजे ईएससी हा कमाल प्रवाहाच्या दीडपट तरी असावा. १७ अँपिअरसाठी ३० अँपिअरचा घेतला की गणिताकडे पुन्हा पाहावे लागत नाही. सर्व्होंना वीज देणारा बीईसी त्यातच असतो. तो साध्या लिनिअर प्रकारचा (जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवणारा) आणि २ अँपिअरचा असेल, तर ३एसवर चार छोटे सर्व्हो चालतील, पण ४एसवर तोच तापून बंद पडू शकतो आणि त्या क्षणी विमानावरचा ताबा सुटतो. ४एसपासून पुढे स्विचिंग, म्हणजे कमी तापणारा, बीईसी असल्याची खात्री करून घ्यावी.

बॅटरीच्या वेष्टणावरचे आकडे

२२०० एमएएच, ३एस, २५सी. पहिला आकडा साठ्याचा: ही बॅटरी २.२ अँपिअर एक तास देऊ शकते. सी-आकडा साठ्याला गुणला की किती प्रवाह सतत घेता येईल ते कळते, येथे २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर. हा आकडा फुगवून छापण्याची चाल इतकी सर्वदूर आहे की छापलेल्या आकड्याचा अर्धाच खरा धरून चालणे शहाणपणाचे. आपली गरज १७ अँपिअर, म्हणजे ८सीच्याही आत असल्याने २५सी पुरेसा आहे. ६०सीची बॅटरी अधिक जड आणि महाग असते, आणि शिकाऊ विमानात तिचा लाभ काहीच नाही.

उड्डाणाचा वेळ काढताना साठ्याचे ८० टक्केच हिशेबात धरावेत, कारण लायपो पूर्ण रिकामी केली की ती कायमची दुबळी होते. २२०० चे ८० टक्के म्हणजे १७६० एमएएच. सतत पूर्ण थ्रॉटल दिल्यास सहा मिनिटे, आणि शिकाऊ उड्डाणात सरासरी निम्मा प्रवाह लागतो असे धरल्यास सुमारे बारा मिनिटे मिळतात. ट्रान्समीटरचा टायमर आठ मिनिटांवर लावावा, म्हणजे उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तरी दुसऱ्यासाठी वीज उरते. तीन हजारांची बॅटरी घेतली तर वेळ वाढतो, पण सत्तर-ऐंशी ग्रॅमही वाढतात, विमान वेगात उतरते आणि गुरुत्वमध्य पुढे सरकतो. एकाच मोठ्या बॅटरीऐवजी तेवढ्याच पैशांत दोन २२०० च्या घ्याव्यात. परगावाहून मागवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की कुरिअर कंपन्या लायपो सहसा रस्त्यानेच पाठवतात, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मागवलेली बॅटरी वेळेवर पोहोचेलच असे नाही.

विमानात बसवण्याआधीची मोजणी

गणित कितीही चोख असले, तरी प्रोपेलरगणिक आणि मोटरगणिक फरक पडतो, म्हणून बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॉटमीटर लावून चाचणी घ्यावी. एकाने विमान मागून घट्ट धरावे, प्रोपेलरच्या पुढे किंवा त्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणी उभे राहू नये, आणि पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर थ्रॉटल सावकाश वर न्यावा. पूर्ण थ्रॉटलला दहा सेकंदांत आकडे वाचून थांबावे. ११.२ व्होल्ट आणि १६.५ अँपिअर दिसले तर सुमारे १८५ वॉट झाले, म्हणजे हिशेब जमला. २५ अँपिअर दिसले तर प्रोपेलर मोठा आहे. व्यास किंवा पिच एक इंचाने कमी करावा. प्रवाह माफक असूनही व्होल्टेज दहाच्या खाली कोसळत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो. चाचणीनंतर मोटरला बोट लावून पाहावे: तीन-चार सेकंद बोट टेकवता आले तर ठीक, लगेच मागे घ्यावे लागले तर मोटर तिच्या क्षमतेबाहेर चालली आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ही चाचणी भर दुपारी घेतली, तर मोटर मुळातच चाळीस अंशांवरून तापायला सुरुवात करते, हे धरूनच निष्कर्ष काढावा.

बॅटरी बॅलन्स चार्जरवर (प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या चार्जरवर) १सी वेगाने, म्हणजे २२०० एमएएचची २.२ अँपिअरवर, फरशी किंवा विटेसारख्या न जळणाऱ्या पृष्ठभागावर आणि नजरेसमोर चार्ज करावी. रात्री लावून झोपू नये. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उडवायचे नसेल, तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा, कारण पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात तशीच पडून राहिली की फुगते, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर अधिकच लवकर. फुगलेली, वाकलेली किंवा अपघातात दबलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. ती उघड्यावर ठेवून गाडीच्या हेडलाइटच्या जुन्या बल्बला जोडून पूर्ण रिकामी करावी, तोंडांवर चिकटपट्टी लावावी आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.