एएच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताय?

दारू सोडायचीय पण एकट्याने जमत नाहीये, तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची म्हणजे एएची मीटिंग शोधा. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा हा गट, १९३५ ला अमेरिकेत सुरू झालेला, फी नाही, अट एकच, पिणं थांबवायची इच्छा हवी. नेटवर एए आणि शहराचं नाव टाका, हेल्पलाइनला फोन करून मराठी मीटिंग कुठंय आणि ओपन आहे का क्लोज्ड ते विचारा. क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी, ओपनला बायको-भाऊ कोणी पण चालतं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असतं.

मी गेलो तेव्हा मीटिंग शाळेच्या वर्गात होती, गेटबाहेर दहा मिनिटं घुटमळलो, कोणी ओळखीचं दिसलं तर काय, मग आत जाऊन पोरांच्या बाकावर गुडघे वर करून बसलो, फळ्यावर सतराचा पाढा तसाच. आडनाव सांगायची गरज नसते. बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, कोणी खोदून विचारत नाही. वर्गणीची पिशवी फिरते, नाही टाकले पैसे तरी चालतं. निघताना दोघातिघांचे नंबर घ्याच, रात्री तल्लफ आली की तेच कामाला येतात. आणि हो, रोज भरपूर पीत असाल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टरला दाखवा.